बी की कलम?

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी पातूरला माहेरी आली होती. ती काही वर्षांपासून लंडनला असते. गप्पांच्या ओघात तिने फोनमधले एक छायाचित्र दाखवले. खिडकीशी एक कुंडी, आणि कुंडीत हातभर उंचीचे, रुंद पानांचे एक झाड. ॲव्होकॅडो खाऊन झाल्यावर उरलेली बी तिच्या मुलाने पेल्यात पाण्यावर धरली होती, तिचेच हे झाड. मुलगा सहा वर्षांचा. रोज सकाळी उठला की विचारतो, फळ कधी येणार? तिने तोच प्रश्न मला केला, "सर, तिथल्या थंडीत हे फळेल का हो?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. मी काही बोलण्याआधीच शेजारी बसलेले तिचे वडील बोलले. त्यांचे सारे आयुष्य संत्र्याच्या रोपांना डोळे भरण्यात गेले. ते म्हणाले, "थंडीचं मंग पाहू. पयले सांग, ते बीचं हाये का कलमाचं?"

वाचकहो, प्रश्न थंडीचा होता आणि उत्तर आले ते कलमाचे. त्या वेळी आम्ही सारे हसलो. पण नंतर मी या फळाचा इतिहास चाळला, तेव्हा कळले की म्हाताऱ्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले होते.

ॲव्होकॅडो हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे झाड. मेक्सिकोतल्या पुएब्ला प्रांतातील गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या त्याच्या बिया सापडल्या आहेत. तिथले लोक त्याला 'आवाकात्ल' म्हणत. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्या शब्दाचे रूप बदलत गेले आणि पुढे इंग्रजीत त्याचा 'ॲव्होकॅडो' झाला. आपल्याकडे हे झाड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रीलंकेमार्गे आले आणि दक्षिणेच्या डोंगराळ भागात रुळले. कर्नाटकात आजही लोक त्याला 'बटरफ्रूट' म्हणतात, कारण पिकल्यावर त्याचा गर लोण्यासारखा होतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ॲव्होकॅडो म्हणजे एकच एक झाड नव्हे. त्याची तीन घराणी आहेत. एक उष्ण, दमट सखल प्रदेशातले; त्याला वेस्ट इंडियन म्हणतात. दुसरे ग्वाटेमालाच्या डोंगरातले, जाड सालीचे. तिसरे मेक्सिकोच्या उंच पठारावरचे. त्याचे फळ लहान, साल पातळ, आणि पान चुरगाळले तर बडीशेपेसारखा वास येतो. सखल प्रदेशातले झाड पारा शून्याखाली एक-दोन अंश उतरला की करपते. मेक्सिकोचे वाढलेले झाड उणे सहा अंशांपर्यंतही तग धरू शकते. तेव्हा 'ॲव्होकॅडोला थंडी सोसते का?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या ॲव्होकॅडोला, हे विचारायला हवे.

हे लोकांना कळले कसे? त्याची हकीकत मोठी मजेची आहे. 1911 साली कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावच्या एका रोपवाटिकेने कार्ल श्मिट नावाचा तरुण मेक्सिकोला पाठवला. बाजारात जाऊन उत्तम फळे शोधायची, ती कोणत्या झाडाची ते विचारत त्या झाडापर्यंत पोहोचायचे आणि त्याच्या डोळकाड्या पाठवायच्या, एवढेच त्याचे काम. पुएब्ला प्रांतातल्या अॅटलिक्स्को गावी, एका घराच्या बागेत, त्याला असेच एक झाड सापडले. त्याच्या काड्या 15 क्रमांक देऊन कॅलिफोर्नियात आल्या. रोपवाटिकेत इतर वाणांची कलमेही होती. पंधरा नंबरकडे कोणाचे विशेष लक्ष नव्हते.

मग 1913 चा जानेवारी उजाडला. दक्षिण कॅलिफोर्नियात अशी थंडी पडली की लिंबू-संत्र्यांच्या बागा काळ्या पडल्या. ॲव्होकॅडोची बहुतेक रोपे जळाली. पंधरा नंबर मात्र उभा राहिला. तेव्हा त्याला नाव मिळाले 'फुएर्ते'. स्पॅनिश भाषेत फुएर्ते म्हणजे बळकट. मेक्सिकोच्या आणि ग्वाटेमालाच्या घराण्यांचा तो संकर होता, आणि पुढे कितीतरी वर्षे कॅलिफोर्नियाच्या बागांवर त्याचेच राज्य राहिले. पंडितांनी नव्हे, एका गारठ्याने ही निवड केली.

पण निवड टिकली कशामुळे? कलमामुळे. फुएर्तेची बी पेरून फुएर्ते मिळत नाही. ॲव्होकॅडोच्या बीतून येणारे झाड आईबापांचे गुण कसे घेईल याचा नेम नसतो. एकाच झाडाच्या दहा बिया लावल्या तर दहा तऱ्हांची झाडे उगवतील. शिवाय बीच्या झाडाला फळ धरायला पाच-सात वर्षे तर लागतातच, कधी दहा-बाराही लागतात. कलमाचे झाड तीन-चार वर्षांत फळावर येते. सहा वर्षांच्या मुलाला दहा वर्षे थांब म्हणणे म्हणजे त्याचे बालपण संपेपर्यंत थांब म्हणणेच की!

आपण वऱ्हाडातल्या लोकांनी हे ऐकून नवल करायचे कारण नाही. आपले संत्रे तरी इथले कुठे आहे? अठराव्या शतकात नागपूरच्या रघूजीराजे भोसल्यांनी ते औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, आणून आपल्या घरच्या बागेत लावले असे सांगतात. घरच्या बागेतले ते झाड काटोल, वरुड, मोर्शी करत आपल्या अकोला जिल्ह्यातही आले. ते चालत आले नाही. जंभेरीच्या खुंटावर बसून आले. मुळे जंभेरीची, वरचे झाड संत्र्याचे. डोळा भरणाऱ्याच्या चाकूने ही सोयरीक जुळवली आणि तिच्यावर आज हजारो घरे जगतात. 'बीचं का कलमाचं' हा प्रश्न त्या म्हाताऱ्यांनी उगाच नाही विचारला.

मग बी अगदीच टाकाऊ का? तसेही नाही. इतिहास इतका सरळ नसतो. रुडॉल्फ हॅस नावाचे एक पोस्टमन कॅलिफोर्नियात होते. 1920 नंतरच्या दशकात त्यांनी थोडी जमीन घेतली आणि ॲव्होकॅडोच्या बिया लावल्या. बेत असा की रोपे वाढली की त्यांच्यावर फुएर्तेचे कलम बांधायचे. एका रोपावर कलम काही केल्या धरेना. ते रोप तोडायचेच ठरले होते. पण ते राहिले, वाढले आणि त्याला खडबडीत सालीची, पिकल्यावर काळसर होणारी फळे लागली. घरच्या मुलांना ती फुएर्तेपेक्षा अधिक आवडली. 1935 साली हॅस यांनी त्या वाणाचे पेटंट घेतले. आज जगाच्या बाजारात सर्वाधिक विकला जातो तो हाच 'हॅस' ॲव्होकॅडो. लंडनच्या त्या पोराने खाल्लेले फळ बहुधा याच वाणाचे असावे. जगातले प्रत्येक हॅसचे झाड त्या एका बीच्या झाडाच्या काडीतून आले आहे. म्हणजे नवे काही हवे तर बी. मिळालेले टिकवायचे तर कलम.

या कथेचा शेवट मात्र आपल्या बागाईतदारांना चटका लावील असा आहे. हॅसचे ते मूळ झाड 2002 साली मेले. थंडीने नव्हे, मूळकुजीने. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यात फोफावतो आणि मुळे खातो. त्याचेच भाऊबंद आपल्या संत्र्याच्या मुळाशी लागतात. आपण ज्याला डिंक्या म्हणतो, खोडातून डिंक ओघळतो आणि हिरवीगार बाग डोळ्यांदेखत वाळत जाते, तो रोग त्यांचाच. काळ्या भारी जमिनीत पावसाचे पाणी थांबले की तो हमखास येतो. माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांची तीनशे झाडे अशीच गेली. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "पाणी थांबलं, झाड संपलं." म्हणूनच संत्र्याचे संशोधक सांगतात की डोळा जमिनीपासून नऊ इंचांच्या खाली नसावा, भारी जमिनीत झाडे वरंब्यावर लावावीत, आणि खुंट म्हणून जंभेरीपेक्षा काटक अशा रंगपूर लाइमचाही विचार करावा.

आता लंडनच्या कुंडीकडे वळू. थंड मुलुखात घरी हे झाड लावणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली पाण्याची. कुंडीला तळाशी भोके हवीत, माती भुसभुशीत हवी, आणि हिवाळ्यात वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. गार आणि ओली माती एकत्र आली की मुळे कुजतात. थंडीने मेले असे आपण म्हणतो ती कितीतरी झाडे खरे म्हणजे पाण्याने मेलेली असतात. दुसरी गोष्ट उजेडाची. त्या मुलुखात दक्षिणेकडची खिडकी उत्तम. उन्हाळ्यात कुंडी बाहेर, आणि पारा पाच अंशांकडे उतरू लागला की आत. कोवळ्या रोपाला थोरल्या झाडाची सहनशक्ती नसते. तिसरी गोष्ट वाणाची. बाहेर जमिनीतच लावायचे असेल तर फुएर्ते, बेकन, मेक्सिकोला यांसारख्या मेक्सिकोच्या रक्ताच्या वाणाचे कलम घ्यावे, आणि ते भिंतीच्या आडोशाला लावावे.

एवढे करूनही खिडकीतल्या झाडाला फळ येईलच असे नाही. या झाडाचे फूल दोनदा उमलते, पहिल्यांदा मादी म्हणून आणि दुसऱ्यांदा नर म्हणून. काही वाणांची फुले सकाळी मादी असतात, काहींची दुपारी. दोन्ही जातींची झाडे जवळ असली, हवा उबदार असली आणि मधमाशा फिरत असल्या, तर फळधारणा चांगली होते. लंडनच्या खिडकीत यातले काय मिळणार? मुलाला हे खरे खरे सांगावे, असे माझे मत आहे. खोट्या आशेवर झाड जोपासायला शिकवू नये.

आणि आपल्या पातुरात? इथली अडचण उलटी आहे. थंडी नव्हे, ऊन मारते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि ज्या घराण्याला गारठा सोसतो त्याला ही कोरडी झळ सोसतेच असे नाही. लावायचेच असेल तर सावली, आडोसा आणि निचऱ्याची मुरमाड जागा पाहून, पहिल्यांदा एखादेच कलम लावावे. वावरभर लावण्याची घाई नको.

हे सारे मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. ती थोडी हिरमुसली. म्हणाली, "मग ते झाड टाकून देऊ?" तिचे वडील उठले, आतून डोळे भरायचा चाकू घेऊन आले आणि तिच्या हातात जंभेरीची एक काडी दिली. "टाकते कायले? बीचं हाये तं खुंट म्हणून वाढू दे. जाडी धरली का चांगल्या वाणाची काडी आणून त्याच्यावर बसव. ये, कसं करतात ते दाखवतो."

संत्र्याची बाग गेली होती, हात शाबूत होता. त्या दुपारी लेकीने चार काड्या खराब केल्या. पाचवी बापाच्या पसंतीस उतरली.