प्रत्येक गळ्याची वेगळी तालीम

गुरुकुलात तालीम बहुधा एकेकालाच मिळे, त्यामुळे शिष्याचा षड्ज त्याच्या गळ्याला सोसेल तिथेच धरला जाई. पुरुष साधारण हार्मोनियमच्या काळी एक-दोन पट्टीत, स्त्रिया काळी चार-पाच पट्टीत गात. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ यांचा आवाज अतिगायनाने बिघडला, तेव्हा त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली. जयपूर-अत्रौली घराण्याची वळणदार, तानप्रधान मांडणी त्यातूनच आली, असे मानले जाते.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलिपी, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांमुळे गाणे सामान्य घरांत पोचले, ही फार मोठी गोष्ट. पण वर्गात एकाच हार्मोनियमच्या पट्टीत सारे गाऊ लागले की कुणाचा गळा ताणला जाई, कुणाचा दबून राही.

या अडचणीवर पलुस्करांचेच शिष्य, मिरजेचे बा. र. देवधर यांनी खोलवर विचार केला. 1925 मध्ये मुंबईत त्यांनी स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केले. पाश्चात्त्य आवाज-साधनाही त्यांनी अभ्यासली आणि श्वास, उच्चार, स्वरलगाव यांकडे लक्ष दिले. कुमार गंधर्व लहान वयात त्यांच्याकडे आले. त्यांच्यावर एकाच घराण्याचा साचा न लादता देवधरांनी अनेक गवयांचे गाणे ऐकू दिले. पुढे फुप्फुसाच्या आजारानंतर कुमारांनी लहान दमाच्या, तुटक पण धारदार स्वरवाक्यांची स्वतःची गायकी उभी केली.