कलावंतांनी खडी फोडावी का?

२००९ साली माझी नोकरी गेली. मंदीचे दिवस होते. एका शुक्रवारी आमच्या अख्ख्या टीमला खोकी दिली आणि सामान भरायला सांगितलं. योग असा, की पुढच्याच आठवड्यात आई आणि अण्णा भारतातून यायचे होते. तिकिटं सहा महिने आधी काढलेली. विमानतळावर त्यांना घ्यायला गेलो तेव्हा काही बोललो नाही. "सुट्टी काढलीये," म्हणालो आणि त्यांना सॅन फ्रान्सिस्को दाखवत हिंडायला लागलो. अर्थात जिथे तिकीट लागत नाही अशी ठिकाणं शोधून शोधून.

असेच एकदा कॉइट टॉवरला गेलो. टेलिग्राफ हिलवरचा हा मनोरा १९३३ मध्ये बांधून झाला. लिफ्टने वर जायला पैसे पडतात, पण तळमजल्यावरची भित्तिचित्रं फुकट बघता येतात. मी मनात म्हटलं, दहा मिनिटांत बघून होतील. दोन तास लागले.

अण्णा चित्रकलेचे मास्तर. तालुक्याच्या शाळेत उभं आयुष्य एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात गेलं. ते भिंतीला नाक लावून उभे राहिले. "हे ओल्या गिलाव्यावरचं काम आहे बरं का. गिलावा वाळायच्या आत रंग संपवावा लागतो. अजिंठ्याचं तसं नाही, ते सुक्यावरचं." आयुष्यभर फळ्यावर खडूने सांगितलेली गोष्ट ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. चित्रांत देवदेवता नव्हत्या की राजेरजवाडे नव्हते. फळं तोडणाऱ्या बायका, कारखान्यातले कामगार, भर रस्त्यात एकाला लुटणारे चोर, वाचनालयात पेपर वाचणारी माणसं. त्यातला एक हात उंचावून कपाटातलं मार्क्सचं 'कॅपिटल' काढतोय!

"याचे पैसे कुणी दिले?" अण्णांनी विचारलं.

तिथल्या माहितीफलकावर बघून मी सांगितलं, "सरकारने. १९३४ मध्ये."

"म्हणजे महामंदीत? मंदीत चित्रं?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आलो. वेळच वेळ होता, त्यामुळे वाचत बसलो, आणि खरं सांगायचं तर अजून वाचतोय.

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे साधारण एक जण बेकार झाला होता. त्या मार्चमध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले. मे महिन्यात त्यांना त्यांच्या शाळेतल्या एका सोबत्याचं, जॉर्ज बिडल नावाच्या चित्रकाराचं पत्र आलं. मुद्दा साधा होता. मेक्सिकोत सरकारने चित्रकारांना प्लंबरच्या मजुरीवर कामाला लावलं आणि त्यातून जगात नाव झालेली भित्तिचित्रं उभी राहिली. मग आपल्याकडे का नको? डिसेंबरात योजना सुरूही झाली. ती जेमतेम सात महिने चालली. तेवढ्यात सुमारे ३,७०० कलाकारांना काम मिळालं आणि १५ हजारांहून अधिक कलाकृती तयार झाल्या. कॉइट टॉवरच्या भिंती त्यातल्याच.

१९३५ मध्ये मोठी योजना आली, डब्ल्यूपीए. आपल्या रोजगार हमीसारखीच म्हणा ना. रस्ते, पूल, शाळा, विमानतळ. खेळसुद्धा त्यात आले. नुसत्या न्यूयॉर्क शहरात १९३६ च्या एका उन्हाळ्यात पोहण्याचे अकरा प्रचंड तलाव लोकांसाठी खुले झाले. आठ वर्षांत सुमारे ८५ लाख माणसांना या योजनेने काम दिलं. तिचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांच्यासमोर प्रश्न आला, की बेकार व्हायोलिनवाल्याचं काय करायचं? त्याला फावडं द्यायचं की व्हायोलिन? हॉपकिन्स यांनी कलेच्या थोरवीवर प्रवचन दिलं नाही. कलाकारांनाही बाकीच्यांसारखं पोट असतं, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून चित्रकला, संगीत, नाटक, लेखन आणि जुन्या दप्तरांची नोंद असे पाच विभाग निघाले. सुरुवातीच्या ४८८ कोटी डॉलरपैकी कलांच्या वाट्याला आले २ कोटी ७० लाख. म्हणजे शंभर रुपयांतले पंचावन्न पैसे!

त्या पंचावन्न पैशांत काय झालं? जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को ही पुढे जगभर गाजलेली माणसं तेव्हा सरकारी हजेरीपटावर होती. लेखकांपैकी काही जणांना वेगळंच काम दिलं. गुलामगिरीत जन्मलेली माणसं तेव्हा हयात होती, ऐंशी-नव्वदीतली. त्यांच्या घरी जायचं, बसायचं आणि ते सांगतील ते लिहून घ्यायचं. १९३६ ते १९३८ या काळात अशा २,३०० हून अधिक कहाण्या गोळा झाल्या. दहा वर्षं उशीर झाला असता तर सांगायला फारसं कुणी उरलंच नसतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मंदी नसती तर हे काम बहुधा झालंच नसतं.

पण सगळंच काही छान नव्हतं. बरीचशी चित्रं सामान्य होती. ते साहजिकच, कारण पगार गरजेकडे बघून होता. खरी अडचण वेगळी होती. सरकारने पैसे दिले की सरकार चित्राकडे बघतं. कॉइट टॉवरमध्येही एक कोयता-हातोडा खरवडून काढला गेला आणि गोदी कामगारांच्या संपामुळे वातावरण तापलेलं असल्याने मनोऱ्याचं उद्घाटन महिनोन्महिने लांबलं. नाटकवाल्यांचे तर आणखी हाल. १९३७ च्या जूनमध्ये खर्चकपातीच्या नावाखाली एका संगीतनाटकाचा प्रयोग थांबवला गेला आणि थिएटरला कुलूप लागलं. नटमंडळी आणि प्रेक्षक वीसेक चौक चालत दुसऱ्या थिएटरात गेले. संघटनेने रंगमंचावर जायला मनाई केली होती, म्हणून नटांनी प्रेक्षकांत बसूनच आपापली कामं केली. १९३८ मध्ये नाट्यविभागाच्या प्रमुख हॅली फ्लॅनगन यांची संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली. त्यांनी मार्लोचं नाव घेतलं, तेव्हा एका सदस्याने विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय? शेक्सपिअरच्या काळातला नाटककार बिचारा! १९३९ च्या जूनअखेर नाट्यविभाग बंद झाला. १९४३ पर्यंत बाकीचंही संपलं. न्यूयॉर्कमधली कित्येक तैलचित्रं रद्दीसारखी वजनावर विकली गेली.

हे सगळं मी एका संध्याकाळी अण्णांना सांगत होतो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बहात्तर साली आपल्या गावचा सनईवाला माझ्या शेजारी खडी फोडायला होता."

हे मला माहीतच नव्हतं. अण्णा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. डी.एड. होऊन घरी बसलेले. दुष्काळात लग्नं थांबली, जत्रा थांबल्या, तर सनई कोण वाजवणार? तो कामावर आला. दिवसभर हातोडा, संध्याकाळी सुकडी. सात-आठ महिन्यांत त्याची बोटं सुजून जाड झाली. पुढे पाऊस आला, लग्नंही लागली, पण सनईच्या भोकांवर बोटं पहिल्यासारखी बसेनात. त्याच्या मुलाने सनई हातातच धरली नाही.

"अमेरिकेतून मिलो आला आपल्याकडे," अण्णा म्हणाले, "ही कल्पना तेवढी नाही आली."

मी यावर खूप विचार केलाय. त्या दुष्काळी कामांना नावं ठेवायची माझी छाती नाही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती. ती कामं नसती तर माणसं मेली असती. अमेरिकेत आधी गरिबी सिद्ध करावी लागे. आपल्याकडे जो आला त्याला हातोडा मिळाला. सनईवाला जगला, ही लहान गोष्ट नव्हे. पण माणूस जगला आणि सनई गेली. त्याला रोज संध्याकाळी कामावरच्या लोकांपुढे तासभर वाजवायला लावून तीच मजुरी दिली असती, तर सरकारचा एक पैसाही जास्त गेला नसता. दमलेल्या माणसांनाही बरं वाटलं असतं.

म्हणूनच "लोकांच्या पोटाला नाही आणि यांना कला सुचतेय" हे वाक्य ऐकलं की मी अस्वस्थ होतो. २०२० मध्ये जत्रा बंद पडल्या, तमाशाचे फड बसून राहिले, तेव्हाही ते ऐकलं. त्यात पोट एकीकडे आणि कला दुसरीकडे, असं गृहीत धरलेलं असतं. कलावंताचं पोट मात्र कुणाच्या हिशेबात नसतं. आणि कला ही काही धरणासारखी नसते, की पैसे आले की पुन्हा बांधकाम सुरू. मधली एक पिढी तुटली की तुटलीच.

असो. अण्णा आता नाहीत. त्या दिवशी झोपायला जाताना ते दारात थांबले होते. म्हणाले, "तुझी सुट्टी फार लांबली रे." मी मान खाली घातली. "मिळेल काम," ते म्हणाले, "पण तोवर हातातलं सोडू नकोस."