सिस्को खटला : कंपनीच्या आतले आणि बाहेरचे

३० जून २०२० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य सरकारने सिस्को या बड्या संगणक कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. फिर्यादी अभियंता दलित असून त्याचे नाव गुप्त ठेवले आहे. तो आयआयटीत आरक्षणातून आला, असे त्याच्या भारतीय वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले, अशी तक्रार. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे गेला. तिथे त्याला जातिभेद बेकायदा नाही असे उत्तर मिळाले, असे फिर्यादीत म्हटले आहे. सिस्कोने आरोप नाकारले.

कोल्हापूरकरांना इथे गंगाराम कांबळे आठवतील. राजवाड्यावरच्या या सेवकाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. तो थेट शाहू महाराजांपुढे उभा राहिला. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, कांबळेंनी महाराजांच्या मदतीने हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले. आतली तक्रार अशी फळाला येते, पण वर शाहू असावे लागतात. सिलिकॉन व्हॅलीत ते कोणी दिसले नाहीत.

म्हणून बाहेरचे लागले. थेनमोळी सौंदरराजन यांच्या इक्वॅलिटी लॅब्सने २०१८ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात ६७ टक्के दलितांनी कामाच्या ठिकाणी अन्याय झाल्याचे सांगितले. उत्तरे स्वेच्छेने दिलेली, त्यामुळे हा आकडा साऱ्या समाजाचा मानता येत नाही, हा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. पण खटल्यानंतर याच संस्थेकडे निरनिराळ्या कंपन्यांतल्या अडीचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या, त्याचे काय? त्याच वर्षी ३० दलित महिला अभियंत्यांनी निवेदन काढले, तेही निनावी. नाव सांगितले की नोकरी जाते आणि नोकरीबरोबर व्हिसाही. आतल्यांच्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

नावानिशी उभे राहणारे आतलेही होते. एप्रिल २०२२ मध्ये गुगलने सौंदरराजन यांचे व्याख्यान रद्द केले, तेव्हा ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. म्हणजे आतली व्यक्ती बाहेर पडली आणि बाहेरची आत जाऊ शकली नाही.

कायद्याची वाट अर्धीच चालून झाली आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. एप्रिलमध्ये सिस्कोच्या दोन अधिकाऱ्यांवरील दावा राज्याने मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी असाच राज्यव्यापी कायदा नाकारला. सध्याच्या कायद्यात जात येतेच, हे त्यांचे कारण.

अ‍ॅपलने मात्र २०२० मध्येच आपल्या नियमावलीत ‘जात’ हा शब्द घातला. हिंजवडीला किंवा परदेशी रुजू होणाऱ्या आपल्या मुलामुलींनी सही करण्यापूर्वी कंपनीच्या नियमावलीत हा शब्द शोधावा. नसेल तर लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.