एंडोमेट्रिओसिस आणि स्त्रीबीजाची प्रत

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर किंवा आतड्यालगत रुजते आणि दाह निर्माण करते, त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी स्त्रियांना तो आहे. पाळीचे रक्त काही प्रमाणात गर्भनलिकांतून उलटे पोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, ही जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलेली उपपत्ती आजही सर्वाधिक स्वीकारली जाते. मात्र उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत उतरते आणि विकार थोड्यांनाच होतो, हे ती एकटी उलगडू शकत नाही. या विकारात दिवस राहायला अडचण येते ती अनेक वाटांनी: नलिका चिकटतात, अंडाशय जखडतात, अस्तर प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाही. प्रस्तुत नोंद त्यातल्या एकाच वाटेची आहे. स्त्रीबीजच बिघडते का, आणि बिघडत असेल तर नेमके काय बिघडते? उपलब्ध पुरावा असे सांगतो की हानी मुख्यतः बीजाची संख्या आणि ते पक्व होतानाचा भोवताल यांची होते, त्याच्या गुणसूत्रांची नव्हे. म्हणून ‘तुमची अंडी खराब आहेत’ हा सरसकट निकाल अशास्त्रीय ठरतो.

स्त्रीबीज वाढते ते अंडाशयातल्या पुटकात, म्हणजे द्रवाने भरलेल्या बारीक फुग्यात. वाढीच्या शेवटच्या सुमारे तीन महिन्यांत भोवतालच्या कणिकापेशी त्याला पोषण आणि संदेश पुरवतात. अंडाशयात एंडोमेट्रिओसिसची गाठ असेल तर तिच्यात जुने, घट्ट, तपकिरी रक्त साठते. डॉक्टर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. या रक्तातले मोकळे लोह ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार करते, आणि गाठीलगतच्या पुटकांतही लोह वाढलेले आढळले आहे. पुटकद्रवात दाहकारक प्रथिने वाढतात, तर कणिकापेशींत ऑक्सिडीकरणाचा ताण, अकाली वार्धक्य आणि पेशीमृत्यू यांच्या खुणा दिसतात. ब्राझीलमधील रिबेरांव प्रेतो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये सौम्य एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांचा पुटकद्रव गायीच्या बीजांना पक्व होताना दिला, तेव्हा गुणसूत्रे वाटून देणारी तर्कुरचना विस्कटलेली दिसली. पुढच्या एका प्रयोगात ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये घातल्यावर ती बरीचशी सावरली. गायीचे बीज म्हणजे बाईचे बीज नव्हे. तरीही दोष बीजाच्या जन्मात नसून त्याच्या परिसरात असू शकतो आणि तो परिसर बदलता येऊ शकतो, एवढे या प्रयोगांनी दाखवले.

परिसराचा परिणाम भ्रूणाच्या पहिल्याच दिवसांत का उमटावा, याचे कारण बीजाच्या साठ्यात आहे. फलनानंतर भ्रूणाची स्वतःची जनुके खऱ्या अर्थाने कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर, साधारण तिसऱ्या दिवशी. तोवर पेरलेले बी जसे कोंब वर येईपर्यंत दाण्यातल्याच अन्नावर जगते, तसे भ्रूण आईच्या बीजातल्या आरएनए, प्रथिने व तंतुकणिका यांवर जगते. ऊर्जा पुरवणाऱ्या या तंतुकणिका पक्व बीजात लाखाहून अधिक असतात आणि भ्रूणाला मिळणाऱ्या सगळ्या आईकडूनच येतात. एंडोमेट्रिओसिस असलेल्या काही स्त्रियांच्या बीजांत त्यांची संख्या व रचना बिघडलेली दिसली आहे. साठा अपुरा असेल तर पेशीविभाजन रेंगाळते, तुकडे पडतात किंवा भ्रूण तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबते.

या तर्काला सर्वांत वजनदार आधार मिळाला तो दान केलेल्या बीजांच्या निरीक्षणातून. स्पेनमधील वालेंसियाच्या गटाने १९९४ मध्ये दाखवले की, एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात निरोगी दात्रीच्या बीजापासूनचे भ्रूण सोडले, तर ते इतरांइतकेच रुजते. पण बीज एंडोमेट्रिओसिस असलेल्या दात्रीचे असेल तर रुजण्याचे प्रमाण घटते. गर्भाशय आणि बीज यांचा वाटा वेगळा करण्याची ही सुबक रीत होती, मात्र स्त्रियांची संख्या लहान होती. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या, २०२२ च्या अभ्यासात ब्रिटनच्या नोंदवहीतील आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचाराची, १३,६१४ चक्रे तपासली गेली. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत स्वतःचे बीज वापरले काय नि दात्रीचे वापरले काय, जिवंत मूल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. बीज हाच मुख्य दोषी असता तर दात्रीच्या बीजाने पारडे ठळकपणे झुकायला हवे होते. दात्रीकडे वळणाऱ्या स्त्रियांचा आजार बहुधा अधिक जुना किंवा गंभीर असतो, हा आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे बीजाचा दोष पूर्ण फेटाळता येत नाही. पण तो दोष सर्वत्र व निर्णायक असतो, हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

दुसरा पुरावा एकाच स्त्रीच्या दोन अंडाशयांचा आहे. मिलानमधील २०१४ च्या अभ्यासात फक्त एका बाजूला गाठ असलेल्या स्त्रियांत दोन्ही बाजूंच्या बीजांचे फलन आणि चांगल्या भ्रूणांचे प्रमाण सारखेच निघाले. यावर कोणी म्हणेल की, ओटीपोटातला दाहक द्रव दोन्ही अंडाशयांना भिजवतो, तेव्हा ‘निरोगी’ बाजू खरी निरोगी नसते. हे खरे आहे, आणि म्हणून हा अभ्यास गाठीला निर्दोष ठरवतो, विकाराला नाही. गुणसूत्रांचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेतील २०१७ च्या अभ्यासात एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या अठराशेहून अधिक पाच-सहा दिवसांच्या भ्रूणांची (ब्लास्टोसिस्ट) गुणसूत्रे तपासली गेली. दोषांचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांइतकेच होते. मग तर्कुरचनेचा तो बिघाड कुठे गेला? पाचव्या दिवसापर्यंत पोचलेली भ्रूणे म्हणजे गाळणीतून उरलेली, खराब ती आधीच थांबली, असे उत्तर संभवते. ते मान्य केले तरी नुकसान पहिल्या दिवसांतच होते, या निष्कर्षाला बळच मिळते. २०२१ च्या अभ्यासात गुणसूत्रे निर्दोष ठरलेल्या गोठवलेल्या भ्रूणांचे निकाल पाहिले गेले, तेव्हा या स्त्रियांना मूल होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी नव्हते.

संख्येचा प्रश्न मात्र खरोखर गंभीर आहे. मोठी गाठ निरोगी अंडाशयाला दाबते व राखीव बीजे घटवते. आणि तिचे आवरण सोलून काढणारी शस्त्रक्रियाही लगतचा निरोगी भाग सोबत नेते, त्यामुळे राखीव बीजांचा अंदाज देणारे एएमएच हे संप्रेरक नंतर घसरते. म्हणूनच केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून सरसकट गाठ काढू नये, असे २०२२ ची युरोपीय मार्गदर्शिका (ईएसएचआरई) सांगते. असह्य वेदना किंवा कर्करोगाची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

हा सगळा पुरावा आयव्हीएफ केंद्रापर्यंत पोचलेल्या स्त्रियांचा आहे. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या गावात मुलीची पाळी दुखते तेव्हा ‘लग्न झालं की थांबेल’ असे ऐकवले जाते आणि दुकानातून दुखण्याची गोळी येते. खामगाव-अकोल्याला जाऊन जाणत्या हाताने सोनोग्राफी होईपर्यंत वर्षे निघून जातात. तिची बीजे किती व कशी आहेत, याची नोंद कुठल्याच आकडेवारीत येत नाही. मुंबईच्या परळ येथील आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांतील या विकाराचा वैद्यकीय व जनुकीय अभ्यास अनेक केंद्रांतून हाती घेतला आहे, त्याचे मोल यासाठीच. सल्ल्याच्या पातळीवर आजच्या पुराव्याचा अर्थ असा: दात्रीचे बीज हा पहिला उपाय नव्हे. शिवाय भारतातील २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याने दात्रीला आयुष्यात एकदाच, तेही सातपर्यंतच बीजे देण्याची मुभा ठेवली आहे. दात्रीकडे वळण्याआधी वय, एएमएच आणि पुटकांची मोजणी पाहावी, पतीची वीर्यतपासणी करावी, आणि गाठ मोठी असून शस्त्रक्रिया अटळ असेल तर चाकू लावण्यापूर्वीच बीजे गोठवण्याचा पर्याय बोलून ठेवावा.