‘लॅप्स’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व मूळ

सातारचें राज्य १८४८ सालीं इंग्रजांनीं घेतलें, त्या प्रकरणाच्या इंग्रजी कागदांत ‘लॅप्स’ हें क्रियापद पुनःपुन्हां येतें. त्याचें मराठी ‘खालसा करणें’ असें सर्रास करण्यांत येतें. तें आम्हांस मान्य नाहीं.

शब्दाचें मूळ लॅटिन ‘लाबी’, म्हणजे घसरणें, निसटून पडणें. इंग्लंडांत चर्चच्या वृत्तीवर धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क ज्या यजमानाचा असे, त्यानें सहा महिन्यांत नेमणूक न केल्यास तो हक्क ‘लॅप्स’ होऊन बिशपाकडे, पुढें आर्चबिशपाकडे व अखेर राजाकडे जाई. मृत्युपत्रांतील देणगीही, घेणारा आधीं वारल्यास, अशीच ‘लॅप्स’ होते. दोन्हीं ठिकाणीं कोणी कांहीं हिरावून घेत नाहीं. धनी नाहींसा झाला म्हणून हक्क आपोआप गळतो. क्रियापद अकर्मक आहे.

उलट ‘खालसा’ हा शब्द अरबी ‘खालिस’, म्हणजे निर्भेळ, ह्यापासून आलेला. ज्या मुलखांत जहागीरदाराचा संबंध नाहीं तो सरकारचा खालसा मुलूख. ‘खालसा केला’ म्हटलें कीं करणारा कोण हें सांगावें लागतें. दप्तरांतील कारकुनांनीं हा शब्द योजिला त्यांत अर्थाचा प्रामाणिकपणा अधिक, असें आम्हांस वाटतें.

ता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें राज्य प्रतापसिंह महाराजांस व त्यांच्या वारसांस दिलेलें होतें. त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज ता. ५ एप्रिल १८४८ रोजीं दत्तक घेऊन वारले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांनीं दत्तक मान्य करावा असें मत दिलें. लॉर्ड डलहौसी ह्यांनीं ता. ३० ऑगस्टच्या टिपणांत तें नाकारिलें. सरकारच्या परवानगीवांचून दत्तकास खासगी मिळकत मिळेल, राज्य मिळणार नाहीं, असा त्यांचा पक्ष. वारस नाहीं हें गृहीत धरल्यावांचून ‘लॅप्स’ म्हणतांच येत नाहीं. आणि वाद तर नेमका वारसाचाच होता. निकाल क्रियापदांतच बसवून ठेविला होता. ह्याकरितां भाषांतरकारांनीं ‘बेवारस ठरून परत जाणें’ असें लिहावें, हें बरें.

१९४७ च्या हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्यांतील सातव्या कलमानें इंग्लंडच्या राजाची संस्थानांवरील अधिसत्ता संपली; तेथें योजिलेलें क्रियापदही हेंच आहे.