मास्टर सिलेंडर बदल (मोटरसायकल)

मोटरसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकच्या लिव्हरवर बोटांनी दिलेला जोर ब्रेक ऑइलच्या दाबात रूपांतरित करणारा, हँडलवर बसवलेला पंप म्हणजे मास्टर सिलेंडर. मूळ पंप झिजला, गाडी पडून मोडला किंवा हँडल, डिस्क वा कॅलिपर बदलला की त्याच्या जागी अनेकदा दुसऱ्या उत्पादकाचा पंप बसवला जातो. वरवर पाहता हे दोन बोल्ट आणि एका पाइपाचे काम आहे. पण पंप, पाइप आणि कॅलिपर मिळून एकच हिशेब तयार होतो. त्यातला एक आकडा बदलला की लिव्हरचा जोर, तिची चाल आणि ब्रेकची पकड हे सगळेच बदलते.

मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटरसायकलला पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक प्रथम मिळाला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० ला. भारतात हिरो होंडा सीबीझेड (१९९९) आणि बजाज पल्सर (२००१) यांच्या काळात तो सर्वसामान्य चालकाच्या हाती आला. या सुट्या भागांचे उत्पादन महाराष्ट्रात मोठे आहे. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींच्या ब्रेकची संपूर्ण जुळणी पुरवते. इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचा कारखाना पुण्याजवळ असून लहान व मध्यम गाड्यांसाठीचा तिचा ब्रँड ‘बायब्रे’ या नावाने ओळखला जातो.

रचना : सिलेंडरच्या नळीत एक पिस्टन, त्यावर दोन रबरी कप आणि पिस्टनला मागे ढकलणारी स्प्रिंग असते. वरच्या टाकीच्या तळाला दोन भोके असतात. मोठ्या भोकातून पिस्टनच्या मागच्या भागात ऑइल उतरते. दुसरे भोक सुई जेमतेम शिरेल इतके बारीक असते, आणि साऱ्या यंत्रणेचा भरवसा त्यावर असतो. लिव्हर सोडलेली असताना पुढचा कप या भोकाच्या किंचित मागे थांबतो, त्यामुळे कॅलिपरपर्यंतचे ऑइल टाकीला जोडलेले राहते. लिव्हर ओढली की कप भोक ओलांडून पुढे जातो, टाकीचा मार्ग बंद होतो आणि दाब चढू लागतो. घाट उतरताना तापून फुगलेले ऑइल लिव्हर सोडताच याच भोकातून टाकीत परतते. झाकणाखालचा घडीदार रबरी पडदा ऑइलची पातळी खाली गेली की तिच्यासोबत उतरतो आणि दमट हवेला ऑइलपासून दूर ठेवतो.

व्यासाची निवड : बाजारात एक समज पक्का रुजला आहे, तो म्हणजे मोठा पंप लावला की ब्रेक जास्त लागतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. तेव्हा तेवढ्याच जोराने पिस्टन जितका मोठा, तितका दाब कमी. लिव्हरवर ८० न्यूटन जोर दिला आणि लिव्हरने तो सहापट केला, तर पिस्टनवर ४८० न्यूटन पडतात. १२.७ मिमी व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौ. मिमी असल्याने त्यातून सुमारे ३८ बार दाब मिळतो. १४ मिमीच्या पिस्टनमधून ३१ बार, तर १६ मिमीच्या पिस्टनमधून २४ बारच. मोठा पिस्टन प्रत्येक मिलिमीटर चालीमागे जास्त ऑइल ढकलतो, म्हणून लिव्हर थोडीच हलते आणि हाताला घट्ट लागते. हा घट्टपणाच ‘जोरदार ब्रेक’ म्हणून अनेकांना भावतो. प्रत्यक्षात मात्र तीच गाडी तेवढ्याच अंतरात थांबवायला बोटांना जास्त कष्ट पडतात, आणि ओल्या रस्त्यावर पकड हळूहळू वाढवणे अवघड होते. पिस्टन फारच लहान निवडला तर उलट अडचण येते : दाब भरपूर मिळतो, पण पॅड डिस्कला पुरते भिडण्याआधीच लिव्हर हँडलच्या रबराला टेकते.

म्हणून पंपाचा व्यास कॅलिपरवरून ठरवावा लागतो. तुलना सोपी आहे : कॅलिपरच्या पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ भागिले पंपाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये फक्त एका बाजूचे पिस्टन धरायचे. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतात, ते सगळे धरायचे. २७ मिमीचे दोन पिस्टन असलेला एक सरकता कॅलिपर १४ मिमीच्या पंपाशी सुमारे ७.४ चे प्रमाण देतो, १२.७ मिमीच्या पंपाशी ९ चे. त्याच कॅलिपरला शर्यतीच्या गाडीचा १९ मिमीचा पंप लावला तर प्रमाण ४ वर येते आणि लिव्हर लाकडासारखी कडक होते. ३० आणि ३४ मिमी पिस्टनांच्या जोड्या असलेले दोन कॅलिपर पुढच्या चाकाला असतील, तर तोच १९ मिमीचा पंप ११.४ चे प्रमाण देतो आणि तिथे तो शोभतो. मूळ जुळणीचे प्रमाण काढून नवीन प्रमाण त्याच्या जवळ ठेवणे, ही निवडीची सर्वांत सुरक्षित रीत आहे. पंपाचा व्यास बहुधा त्याच्या अंगावर ओतीव आकड्यांत असतो. जुन्या जपानी पंपांवर ५/८ असे लिहिले असेल तर तो १५.९ मिमी समजावा.

व्यासाच्या जोडीला लिव्हरचे प्रमाणही पाहावे लागते. साध्या पंपात पिस्टन हँडलला समांतर असतो. रेडियल पंपात तो हँडलशी काटकोनात बसतो, त्यामुळे लिव्हर त्याला सरळ रेषेत ढकलते आणि वाकडेपणातले घर्षण घटते. रेडियल पंपावर १९×२० असे दोन आकडे दिसतात : पहिला पिस्टनचा व्यास, दुसरा लिव्हरच्या खिळीपासून पिस्टनच्या अक्षापर्यंतचे अंतर. हे अंतर कमी, तर जोर जास्त आणि चाल लांब. ब्रेम्बोच्या आरसीएस पंपांत ते १८ किंवा २० मिमीवर फिरवून ठेवता येते.

जोडणीआधीची पडताळणी : बहुतेक हँडलांचा व्यास पंपाच्या जागी २२.२ मिमी असतो. हार्ली-डेव्हिडसनसारख्या गाड्यांत तो २५.४ मिमी असतो आणि एकाचा क्लॅम्प दुसऱ्याला चालत नाही. पाइप पंपाला जोडणाऱ्या पोकळ ‘बॅन्जो’ बोल्टाची फसवणूक याहून वाईट. जपानी पंपांत सहसा १० मिमी व्यासाला १.२५ चा आटा असतो, युरोपीय पंपांत १.०० चा. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे बिनतक्रार जातो, मग पान्याच्या जोराने ॲल्युमिनियमचे आटे खातो आणि नवा पंप निकामी करतो. पंपाच्या क्लॅम्पवर बसणाऱ्या आरशाचा आटाही तपासावा. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचा आटा उलटा असतो. शर्यतीसाठीच्या पंपावर ब्रेक दिव्याच्या स्विचची जागाच नसते, तेव्हा दाबावर चालणारा स्विच असलेला बॅन्जो बोल्ट घ्यावा लागतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब नकलाही दुकानांत मिळतात. ब्रेकच्या बाबतीत स्वस्त नक्कल हा धोकाच आहे.

जोडणी : ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून पेट्रोलची टाकी आणि मडगार्ड आधी ओल्या फडक्यांनी झाकले जातात. जुने ऑइल काढून पाइप सोडवला जातो. नवा पंप हँडलवर चढवताना क्लॅम्पवरचा बाण किंवा खूण वरच्या बाजूला ठेवून आधी वरचा आणि मग खालचा बोल्ट आवळतात. कारखान्याच्या पुस्तिकेतला टॉर्क त्या पंपाचाच असावा. पाइपाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर घालणे आवश्यक आहे, कारण जुने वायसर एकदा चेपले की पुन्हा नीट बसत नाहीत. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून, पुढचा फोर्क पुरता उघडून पाइप ताणला जात नाही ना, पेट्रोलच्या टाकीला घासत नाही ना, हे पाहिले जाते. ऑइलची वेगळी टाकी असलेल्या पंपात तिची पातळी पंपाहून वर राहिली पाहिजे.

हवा काढणे : कोरडा पंप स्वतःहून ऑइल खेचत नाही. टाकी भरून लिव्हर अगदी सावकाश, थोडीथोडी दाबत राहिले की बारीक भोकातून बुडबुडे वर येतात. तेही आले नाहीत तर पाइप जोडण्याआधी पंपाच्या तोंडावर बोट धरावे. लिव्हर दाबताना हवा सुटू द्यावी आणि सोडताना तोंड बंद करावे. मग कॅलिपरच्या निपलमधून नेहमीच्या रीतीने हवा काढतात : लिव्हर दाबून धरणे, निपल उघडणे, निपल बंद करूनच लिव्हर सोडणे. हवा बॅन्जो बोल्टाच्या उंचवट्यात अडकून बसते आणि तासभर निपलशी खटपट करूनही लिव्हर लिबलिबीत राहते. अशा वेळी पंप त्या मार्गावरचा सर्वांत उंच बिंदू होईल असे हँडल वळवून बॅन्जो बोल्टापाशीच हवा सोडावी लागते. झाकणावर लिहिलेलेच ऑइल वापरावे. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारित आहेत, डॉट ५ सिलिकोनवर; नावात सारखेपणा असला तरी ५ आणि ५.१ एकत्र चालत नाहीत. कोरड्या अवस्थेत डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे.

सर्वांत धोकादायक चूक बहुधा शेवटी उघडी पडते. दुसऱ्या कंपनीची लिव्हर किंवा चुकीचा ठेवलेला समायोजन स्क्रू पिस्टनला विश्रांतीतही किंचित पुढे रेटून ठेवत असेल, तर ते बारीक भोक बंदच राहते. गाडी उभी असताना सगळे ठीक वाटते. काही किलोमीटरनंतर ऑइल तापते, फुगते, परत जायला वाट नसल्याने पॅड आपोआप घट्ट होत जातात, त्याने उष्णता आणखी वाढते, आणि चाक चालत्या रस्त्यावर जाम होऊ शकते. म्हणून लिव्हरच्या टोकाशी थोडा मोकळा खेळ हवाच. त्याची खात्री झाकण काढून करता येते : लिव्हर ओढायला सुरुवात होताच टाकीतल्या ऑइलमध्ये भोकावर छोटी उसळी दिसली, तर भोक मोकळे आहे.

एबीएस आणि कायदा : भारतात १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून, जुन्या मॉडेलांना १ एप्रिल २०१९ पासून. अशा गाडीत पंप आणि कॅलिपर यांच्यामध्ये एबीएसचा हायड्रॉलिक भाग असतो. तिथे हवा शिरली तर ती काढायला त्याचे व्हॉल्व्ह चालवणारे निदान-यंत्र लागते, म्हणून पंप बदलताना टाकी एकदाही कोरडी पडू देत नाहीत. त्याहून लहान गाड्यांत काही ठिकाणी मागच्या ब्रेकची केबल पुढच्या पंपालाही दाबते. बाहेरचा पंप घेतल्यास ही जोडव्यवस्था तुटते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणी-प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करण्यास मनाई करते.

जोडणीनंतर लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरावी आणि सगळे सांधे कोरडे आहेत का, लिव्हर हळूहळू खाली जाते का, हे पाहावे. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात घ्यावी. परतल्यावर पुढचे चाक उचलून मोकळे फिरते का, हे हाताने तपासावे. त्यानंतर ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलतात, आणि पंपाच्या तळाशी, लिव्हरच्या बाजूला, ओल दिसू लागली की आतले कप व स्प्रिंग असलेला किट नवा घालतात.