गर्भाशयाच्या कळा : हातापासून चित्रापर्यंत

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा जो विषय मनात आला तो चारचौघींत बोलण्याजोगा नाही असे काहीजणींस वाटेल. परंतु तो स्त्रियांच्या मंडळात बोलावयाचा नाही, तर मग कोठे?

माझी आत्या परिचारिका होती. ज्या नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासह १९२१ साली मातृसेवा संघ स्थापिला, त्याच नागपुरात आत्याचा जन्म बाळंतिणींच्या उशाशी गेला. एक तळहात पोटावर व दुसऱ्या हातात घड्याळ, एवढीच तिची सामग्री. कळ आली की पोट दगडासारखे घट्ट होई. ओसरली की मऊ. कळ किती वेळ टिकली, पुढची किती मिनिटांनी आली, हे ती मोजून ठेवी. लंडनच्या ब्रॅक्स्टन हिक्स या डॉक्टरांनी असाच हात ठेवून १८७२ साली जगास सांगितले की, गर्भाशय केवळ बाळंतपणातच नव्हे, तर गरोदरपणीही अधूनमधून आपोआप आवळते व सैल होते. आपल्या बायका ज्यांना खोट्या कळा म्हणतात, त्या याच.

पण हाताची धाव येथवरच. गर्भ नसताना गर्भाशय जेमतेम मुठीएवढे असते व ओटीपोटात खोल दडलेले असते. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना महिन्याचे दोन दिवस पोट धरून पडून राही. एका डॉक्टरांना दाखविले, तर ते हसून म्हणाले, "मनाचे खेळ आहेत, लग्न झाले की थांबेल." आत्याने माझ्या पोटावर हात ठेवला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "माझ्या हाताला काही लागत नाही गं. पण तुला दुखतंय ना? मग आहे." त्या दोन वाक्यांनी मला जो धीर आला, तो औषधाने आला नसता.

हाताला न लागलेले ते डोळ्यांना दिसावयास पुष्कळ काळ जावा लागला. क्ष-किरण १८९५ साली सापडले. पण त्यांत हाडे दिसत, मऊ स्नायूंची हालचाल दिसत नसे. शिवाय गरोदरपणी काढलेली ती चित्रे मुलांना अपायकारक असल्याचे ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली दाखवून दिले. मग ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी, धातूतील चिरा शोधण्याचे ध्वनियंत्र रुग्णांच्या पोटावर लावून, १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हीच आपली सोनोग्राफी. पुढे तिच्यात चालती चित्रे दिसू लागली, आणि १९८४ साली गर्भ नसलेल्या गर्भाशयाच्या अस्तराची हालचाल पडद्यावर पाहिल्याचे वृत्त छापून आले. त्यानंतरच्या संशोधनाने उलगडा झाला. पाळीच्या दिवसांत या लाटा वरून खाली जातात. महिन्याच्या मध्यास त्या उलट, खालून वर, मिनिटाला दोन-तीन अशा वाहतात. गर्भ रुजण्याच्या सुमारास शांत होतात. पुढे जपानी डॉक्टरांनी एमआरआयची चित्रे लागोपाठ घेऊन, पाळीत दुखणाऱ्या स्त्रियांचे गर्भाशय तपासले. २०२३ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे पोटाच्या त्वचेवरील विद्युत्संवेदक व एमआरआय यांची सांगड घालून बाळंतपणाच्या कळांचे नकाशेही काढण्यात आले. म्हणजे मनाचे खेळ नव्हते, स्नायूंचे होते.

याच यंत्राचा आपल्याकडे काय उपयोग झाला, हेही विसरून चालणार नाही. पोटात मुलगी आहे काय, एवढेच पाहावयास ते वापरले गेले. त्यास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाने १९९४ साली. यंत्र तेच, पाहणाऱ्याची नजर निराळी.

सर्वांना एमआरआयची चित्रे मिळावयाची नाहीत, व दर कळेला ती लागतही नाहीत. परंतु भगिनींनो, लेकीने, सुनेने, नातीने "दुखतंय" म्हटले, तर पहिली तपासणी आपली आहे. शाळा बुडावी, जेवण सुटावे इतके दुखत असेल तर "बाईच्या जातीला सोसावेच लागते" असे न म्हणता तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे. त्यामागे इलाज करण्याजोगा आजार असू शकतो. चित्र निघो वा न निघो, तिचे म्हणणे आधी खरे मानावे. माझ्या आत्याने तेवढे केले होते, आणि तिच्यापाशी घड्याळाखेरीज दुसरे यंत्र नव्हते.